पिना मारलेली पानं

माळवा ब्रदर्स फुटबॉल क्लब राष्ट्रीय चषकाला जायचा तो परत येण्यासाठीच. सव्वीस वर्षांत हा शिरस्ता मोडला नव्हता. साखळी फेरीतले तीन सामने खेळायचे, दोन हरायचे, एक कसाबसा बरोबरीत सोडवायचा आणि पाचव्या दिवशी इंदूरच्या स्टेशनावर उतरून आपापल्या घरी पोहे खायचे. क्लबाचे मॅनेजर रघुवीर दफ्तरदार परतीची तिकिटं जातानाच काढून ठेवत. त्यावरून त्यांना कोणी कधी बोल लावला नाही, कारण ती तिकिटं एकदाही वाया गेली नाहीत.

दफ्तरदारांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते. पुढच्या पिढ्यांचं दफ्तर गेलं, पण कागदाची खोड गेली नाही. रघुवीरराव इंदूरच्या पलासिया भागातल्या एका विमा कचेरीत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले होते आणि आता त्यांचा सगळा जीव क्लबाच्या फायलींत होता. स्वतः ते फुटबॉल कधी धड खेळले नव्हते, पण नियम विचारावे तर त्यांनाच. ऑफसाइडपासून मोज्यांच्या रंगापर्यंत कुठेही काही अडलं की नागपूरहून, गोव्याहून, कोल्हापूरहून मॅनेजर मंडळींचे फोन यायचे, आणि रघुवीरराव जेवता जेवता डाव्या हातात फोन धरून कलमाच्या क्रमांकासकट उत्तर द्यायचे. "दफ्तरदार म्हणाले ना? मग झालं," असं म्हणून लोक फोन ठेवत. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई म्हणत, या माणसाला लग्नाची तारीख विचारली तर दोनदा विचार करील, पण पिवळ्या कार्डाचं कलम झोपेत सांगेल.

आता पिनांची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खायला बसलं. स्पर्धेची नियमावली दर वर्षी नवी छापून यायची, चौतीस पानांची. शेवटची नऊ पानं बाद फेरीची, म्हणजे जिथे हरला तो घरी गेला त्या फेरीची. फार वर्षांपूर्वी तेव्हाच्या सेक्रेटरीनं जाताना गाडीतच ती पानं मोठ्यानं वाचली, पेनल्टी कोण मारणार यावरून भोपाळपर्यंत भांडणं झाली, आणि पहिल्याच सामन्यात क्लबानं सहा गोल खाल्ले. तेव्हापासून ठरलं, की नियमावली आली रे आली की शेवटच्या नऊ पानांना स्टेपलरनं पिना मारायच्या, आणि बाद फेरी गाठल्याशिवाय त्या काढायच्या नाहीत. सगळी शिकलेली माणसं, बँकेतली, कॉलेजातली, पॉलिटेक्निकमधली; पण मांजर आडवं गेलं की पदवी कोणाच्याच उपयोगी पडत नाही. पिना मारायचं काम रघुवीररावांचं होतं, आणि ते चारही कोपरे नीट जुळवून ते करत.

यंदा स्पर्धा इंदुरातच भरली, पोलोग्राउंडच्या कारखान्यांमागच्या मैदानावर. घरचं मैदान, घरचं पाणी. काय झालं देव जाणे, क्लबानं साखळीतले दोन सामने चक्क जिंकले. मग उपांत्यपूर्व फेरीत कप्तान रजतनं गोलमध्ये उभं राहून दोन पेनल्ट्या अडवल्या, आणि नव्वद वर्षांच्या क्लबाला पहिल्यांदाच उपांत्य फेरी दिसली. उपांत्यपूर्व सामन्याच्या गडबडीत पिना काढायच्या राहूनच गेल्या होत्या. सेक्रेटरी संजीव आनंदानं घामाघूम झाला होता. "रघुवीरजी, अब तो पिन खोलो," तो म्हणाला. "नारळ आणू का?"

"कशाला रे?" रघुवीरराव म्हणाले. "मला पाठ आहेत ती पानं."

हे खोटं नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत त्यांनी ती पानं पाठ केली होती, आणि तेव्हा त्यांत जे लिहिलं होतं ते त्यांना आजही शब्दशः आठवत होतं. मधल्या सोळा वर्षांत नियम बदललेही असतील, हे त्यांनी दुसऱ्या कोणालाही बजावून सांगितलं असतं.

उपांत्य सामना कोल्हापूरच्या शिंगणापूर नाका तालमीच्या फुटबॉल संघाशी होता. रघुवीररावांच्या पाठांतराप्रमाणे साखळी संपली की त्यातली पिवळी कार्डं पुसली जातात. म्हणून कार्डांच्या तक्त्यात त्यांनी शार्दूलच्या नावापुढे उपांत्यपूर्व फेरीतलं एकच कार्ड लिहिलं आणि साखळीतलं सोडून दिलं. शार्दूल म्हणजे संघाचा मधला बचावपटू, चोवीस वर्षांचा, तिथल्याच एका कारखान्यात लेथवर काम करणारा. तक्ता मॅच कमिशनरकडे गेला. तिथे तो पडताळून पाहायचा असतो, पण दफ्तरदारांच्या अक्षरातला तक्ता पडताळायची गरज कोणाला वाटली नाही.

सामना दोनला सुरू झाला आणि चारला दहा कमी असताना संपला. एक-एक अशी बरोबरी असताना एक्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला शार्दूलनं डोकं लावलं, आणि तोच गोल शेवटचा ठरला. पहिली पाळी सुटून आलेले कामगार कारखान्यांच्या भिंतींवर बसून ओरडत होते. माळवा ब्रदर्स राष्ट्रीय चषकाच्या फायनलमध्ये गेला होता. रघुवीररावांनी खुर्चीतून न उठता आधी डोळे पुसले, मग चष्मा पुसला आणि वहीत वेळ टिपून ठेवली.

चार वाजता पंढरीनाथ त्यांना शोधत आले. पंढरीनाथ हे कोल्हापूरच्या तालमीचे मॅनेजर. लहानपणी कुस्ती करून कान मोडून घेतलेले, आडदांड दिसणारे आणि आतून अगदी लोण्याचे. इंग्रजीत अर्ज लिहायचा झाला की दर स्पर्धेत ते रघुवीररावांच्या खोलीत येत. रघुवीरराव लिहून देत आणि पंढरीनाथ न वाचता खाली सही करत. वीस वर्षांची मैत्री अशी अर्जाअर्जांनी वाढली होती.

"अभिनंदन रघुवीरराव," पंढरीनाथ म्हणाले. "आमचंच चुकलं बघा."

"चुकलं काय त्यात? तुमची टीम छान खेळली. पण स्वानंद का नाही उतरवला? मला वाटलं पाय दुखावला की काय."

स्वानंद हा तालमीचा सगळ्यात जुना स्ट्रायकर. वय तेहेतीस. हा चषक झाला की तो बूट खुंटीला टांगणार, हे सगळ्या स्पर्धेला ठाऊक होतं.

"पायाला काय धाड भरलीय त्याच्या? मीच बसवला," पंढरीनाथ म्हणाले. "साखळीत एक पिवळं, परवा एक पिवळं. मला वाटलं दोन झाली, आता एक मॅच बाहेर. पुस्तकात तसंच वाचल्यागत वाटलं. मग मैदानात तुमच्या यादीवर शार्दूलचं नाव बघितलं. त्याचं पण तसंच की, साखळीत एक आणि परवा एक. तवा डोक्यात उजेड पडला, की साखळीतलं धरायचंच नसतंय. पण तवर आमची यादी देऊन झालीवती. माझ्या येडेपणापायी पोरगं बाहेर बसलं."

रघुवीरराव हसले. दुसऱ्याची चूक समजावून सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीच असं मायाळू हसू यायचं. "होतं असं, पंढरीनाथजी. थांबा, तुम्हाला कलमच दाखवतो, म्हणजे पुढच्या वेळेला घोळ नको."

त्यांनी फाइल उघडली. पिना अजून तशाच होत्या. नखानं एकेक पिन उचकटून त्यांनी खिशात टाकली, पानं मोकळी केली आणि बोट फिरवत कलम एकोणतिसावर आणलं. तिथे लिहिलं होतं की साखळी फेरीतलं पिवळं कार्ड उपांत्यपूर्व फेरी संपेपर्यंत धरलं जाईल. तोवर दोन पिवळी कार्डं झालेला खेळाडू उपांत्य सामन्याला अपात्र राहील. अपात्र खेळाडू मैदानात उतरवणाऱ्या संघानं तो सामना तीन-शून्य असा गमावला असं समजलं जाईल. फक्त एक अट होती. समोरच्या संघानं सामना संपल्यापासून दोन तासांच्या आत लेखी तक्रार केली पाहिजे. त्यानंतर निकाल कायम.

रघुवीररावांनी ते दोनदा वाचलं. पुस्तक बरोबर होतं, पंढरीनाथ बरोबर होते.

"मिळालं का?" पंढरीनाथांनी विचारलं.

"चष्मा राहिला वाटतं," रघुवीरराव म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. "नंतर दाखवतो."

"राहू द्या हो. तुम्ही सांगितलं, विषय संपला." पंढरीनाथांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि ते आपल्या पोरांकडे गेले.

अशा वेळी माणसाला घाम फुटतो, छाती धडधडते, निदान पाय तरी लटपटतात. रघुवीरराव तसं काही होण्याची वाट बघत उभे राहिले आणि काहीच झालं नाही. दाढ काढण्याआधी सुई टोचली की आपलाच गाल दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा लागतो, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वाचार. सहाला दहा कमी होईपर्यंत पंचाण्णव मिनिटं होती.

मग जे जे करायचं असतं ते सगळं त्यांनी केलं. फोटोत उभे राहिले. कोणी तरी तोंडात जलेबी कोंबली, ती चावून गिळली. ती गोड असणार हे त्यांना ठाऊक होतं, पण लागली नाही. ढोलवाले आले. चिखलानं माखलेला शार्दूल येऊन पाया पडला. "काका," तो म्हणाला, "आईनं आजवर माझी एकही मॅच पाहिली नाही. तिची ड्यूटीच सुटत नाही. फायनलला सुट्टी घ्यायला लावतो तिला. समोरची कुर्सी द्याल ना?"

"देऊ," रघुवीरराव म्हणाले.

साडेचारला त्यांनी संजीवला सामानाच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि कलम वाचायला दिलं. संजीवला पहिल्यांदा समजलंच नाही. दुसऱ्यांदा वाचल्यावर तो चेंडूंच्या जाळीवर मटकन बसला.

"किसको पता है?" त्यानं विचारलं.

"मला. आता तुला."

"आणि पंढरीनाथ?"

"त्याला वाटतंय तोच चुकला."

संजीवनं घड्याळाकडे बघितलं, तेव्हाच रघुवीररावांना कळलं तो काय म्हणणार ते. "रघुवीरजी, सव्वा तास," तो म्हणाला. "काही करायचं नाही, काही बोलायचं नाही. घरी जा, चाय प्या. गलती कागजाची आहे, गोल तर खरा आहे ना? अठरा मुलं आहेत भिया. त्यांनी काय पाप केलं?"

हे ऐकून नाक मुरडणं सोपं आहे. ज्याला मुरडायचं त्यानं आधी नव्वद वर्षं वाट बघितलेल्या क्लबाचा सेक्रेटरी होऊन त्या जाळीवर बसावं. संजीव लुच्चा माणूस नव्हता. पोरांच्या बुटांसाठी त्यानं पलासियातल्या दुकानदारांचे उंबरठे झिजवले होते, आणि त्याचं म्हणणं रघुवीररावांना खोडता येईना. गोल खरा होता. पोरांनी काही केलं नव्हतं.

"ठीक आहे," ते म्हणाले.

ते व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. घरी गेले नाहीत, कारण घरी जायचं म्हणजे उठायला लागणार होतं. कुमुदिनीबाईंचा फोन आला. टीव्हीवर खालच्या पट्टीत क्लबाचं नाव आलं होतं, शेजारचे पेढे घेऊन आले होते. "काय करू जेवायला?" त्यांनी विचारलं.

"काहीही कर."

"आवाज असा काय तुमचा? बरं नाही का?"

"बरं आहे. काही वाटत नाहीये."

"काही वाटत नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच वाटत नाहीये, कुमुद."

"अति आनंदाचं असं होतं कधी कधी," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "पाणी प्या आणि लवकर या."

पाच वाजले, सव्वापाच झाले. उन्हं कारखान्याच्या पत्र्यांवर गेली. रघुवीरराव मनाशी काही तोलत होते असं कोणाला वाटेल, पण खरं सांगायचं तर ते काहीच तोलत नव्हते. ते नुसते घड्याळाकडे बघत होते. आणखी पस्तीस मिनिटं असंच बसून राहिलं की सगळं आपोआप होणार होतं. आयुष्यात एवढं सोपं काम त्यांच्यावर कधी आलं नव्हतं.

कोल्हापूरच्या पोरांची खोली त्या व्हरांड्याला लागूनच होती आणि मधली भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती. पलीकडे पंढरीनाथांचा फोन वाजला. त्यांना कानाला कमी ऐकू येई म्हणून ते नेहमी स्पीकर लावत. फोन तालमीचे अध्यक्ष जयसिंगराव यांचा होता, हे पहिल्या वाक्यालाच कळलं.

"पंढरीनाथ, वीस वर्सं मॅनेजर म्हणून मिरवलास आणि तुला साधं पुस्तक वाचता येईना?"

"चुकलं दादा."

"चुकलं ते कुणी सांगितलं तुला? कमिशनरनं?"

"कुणी सांगायला कशाला पायजे? दफ्तरदारांनी त्यांचा गडी खेळवला न्हवं. आता दफ्तरदारांचं कसं चुकंल?"

फोनमध्ये थोडा वेळ खरखर झाली. मग जयसिंगराव म्हणाले, "आल्यावर कागदपत्रं जमा कर. पुढच्या वर्षाला दुसरा माणूस बघू."

"व्हय दादा," पंढरीनाथ म्हणाले.

मग एका पोराचा आवाज आला, तो बहुधा स्वानंद असावा. "जाऊ द्या मामा," तो म्हणाला. "आज ना उद्या मला थांबायचंच होतं."

या वेळी तरी आपल्याला काही वाटेल असं रघुवीररावांना वाटलं होतं. तरीही वाटलं नाही. पण ते उठले. याला धैर्य वगैरे म्हणायला जीभ रेटत नाही. पंढरीनाथ अडचणीत आले की कोरा कागद घ्यायचा, ही त्यांच्या हाताची वीस वर्षांची सवय होती. त्यांनी फायलीतून कागद काढला, खुर्चीच्या हातावर ठेवला आणि इंग्रजीत अर्ज लिहिला. प्रति, मॅच कमिशनर. विषय, अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल तक्रार. खाली संघाचं नाव, खेळाडूचं नाव, दोन्ही कार्डांच्या तारखा आणि कलम एकोणतीस. सगळं मिळून सहा ओळी झाल्या. अक्षर नेहमीसारखंच आलं.

पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी त्यांनी पंढरीनाथांना बाहेर बोलावलं आणि कागद पुढे केला. पंढरीनाथांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं आणि सहीची जागा शोधायला लागले.

"आधी वाचा," रघुवीरराव म्हणाले.

पंढरीनाथांनी ओठ हलवत वाचलं. शार्दूलच्या नावाशी थांबले, पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. रघुवीररावांनी नियमावली उघडून कलमावर बोट ठेवलं. पंढरीनाथांनी तेही वाचलं, आणि त्यांच्या तोंडावर आधी काय आली असेल तर सुटकेची कळा आली. ती त्यांनी लगेच झाकली, पण रघुवीररावांनी ती पाहिली.

"नको," पंढरीनाथ म्हणाले. "मैदानावर हरलोय आम्ही."

"मैदानावर स्वानंद नव्हता."

"तुमच्या पोरांचं काय?"

"त्यांना मी सांगतो."

पंढरीनाथांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "रघुवीरराव, वीस मिनिटं राहिलीत. तुम्ही हितनं जावा. मी कायबी वाचलं न्हाई. मला मॅनेजर ठेवला काय, काढला काय, दुकान हाय माझं."

"तुम्ही वाचलं होतंत, पंढरीनाथ," रघुवीरराव म्हणाले. "मी वाचलं नव्हतं."

पंढरीनाथांनी कागद भिंतीला टेकवला आणि सही केली. नेहमी एका फटकाऱ्यात व्हायची ती सही आज त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर लावून केली.

मॅच कमिशनर श्रीहरी सामानाची बॅग भरत होते. कागद हातात देताना त्यांच्या टेबलावरच्या घड्याळात पाच वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"हे अक्षर तुमचं आहे, रघुवीरजी."

"हो."

"आणि तक्रार तुमच्याच क्लबाविरुद्ध आहे."

"हो."

श्रीहरींनी साखळीचे अहवाल काढले, कार्डं तपासली. तपासायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "तुमचा तक्ता मी पाहिलाच नव्हता," ते म्हणाले. "पाहायला हवा होता." मग त्यांनी दोन-एक खोडून तीन-शून्य लिहिलं, बाजूला वेळ टाकली, सही केली, आणि रघुवीररावांची पोच म्हणून सही घेतली. बाहेर ढोल अजून वाजत होता.

रघुवीरराव पोरांच्या खोलीत गेले. नळाशी बूट धुणं चाललं होतं, कोणी पायाला बर्फ लावून बसलं होतं, रजत सगळ्यांच्या जर्स्या मोजून गाठोडं बांधत होता. संजीव दारातच होता. त्यानं रघुवीररावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मुलांनो, नळ बंद करा," रघुवीरराव म्हणाले.

त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. शार्दूलला दोन कार्डं होती. तो आज खेळायला नको होता. नियम पुस्तकात छापलेला होता, आपण वाचला नाही. तक्रार कोल्हापूरनं केली, पण ती मीच लिहून दिली. सामना तीन-शून्यनं गेला. फायनल कोल्हापूर खेळेल. "चूक माझी एकट्याची आहे," ते म्हणाले. "शार्दूलची नाही, तुमची कोणाची नाही."

शार्दूल हातातल्या ओल्या बुटाकडे बघत राहिला. रघुवीरराव वाट बघत उभे राहिले. आता कोणी तरी ओरडेल, बूट फेकून मारेल, निदान एक शिवी तरी देईल. त्यांना ती हवी होती. चार वाजल्यापासून पहिल्यांदाच त्यांना काही तरी हवंसं वाटलं होतं.

रजतनं गाठोड्याची गाठ मारली आणि तो त्यांच्यापाशी आला.

"बरं काका," तो म्हणाला. "मग आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"मतलब, अपील वगैरे काही असेल ना? काही तरी कलम असेलच. तुम्ही काढाल."

"नाही रे. काही नाही त्यात."

"आज नसेल दिसत. सकाळपासून उभे आहात तुम्ही." रजत त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाकावर बसवत म्हणाला. मग तो पोरांकडे वळला. "चलो, काका देख लेंगे. सुबह तक कुछ ना कुछ निकाल लेंगे."

आणि पोरांनी ते खरं मानलं. एकानं श्वास सोडला, दुसरा हसला, बर्फाची पिशवी पुन्हा गुडघ्यावर गेली. नळ सुरू झाला. दारातल्या संजीवनंसुद्धा मान वळवून रघुवीररावांकडे बघितलं, आणि त्या बघण्यातही तीच आशा होती. दफ्तरदार आहेत, काढतील काही तरी.

"मला नाही येत," रघुवीरराव म्हणाले, पण नळाच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

शार्दूलनं बूट झटकले, दोन्ही बूट उन्हाच्या उरल्यासुरल्या पट्ट्यात नीट जोडीनं वाळत ठेवले आणि तो समोर येऊन उभा राहिला.

"काका, उद्या प्रॅक्टिसला किती वाजता यायचं?"

सव्वीस वर्षं ही वेळ रघुवीरराव सांगत आले होते. "सात," ते म्हणाले, आणि मग तोंडावर दोन्ही हात घेऊन त्या पोरासमोरच रडायला लागले.